रांगेतले टाके

३ ऑगस्ट

ती. आत्यास,
साष्टांग घालायला प्लास्टर आडवं येतं, म्हणून बसल्या जागेवरून भुंग्याचा नमस्कार. वि. वि.

आधी गुन्हा सांगतो, मग ख्यालीखुशाली. आत्या, मी बाबांचा निळ्या पट्ट्यांचा शर्ट कापला. चुकून नाही. जुना वाटला म्हणूनही नाही. शाळेत खेळांच्या स्पर्धा असल्या की पीटी मास्तर म्हणून बाबा तोच घालून मिरवतात, हे मला पक्कं माहीत होतं. तरी कापला. कॉलर आणि बाह्या माझ्या गादीखाली आहेत. पाठ गोधडीत गेली.

हो, गोधडीत. हसू नकोस. मी पेंटरसाहेबांच्या शिडीवरून पडलो (साबणाच्या जाहिरातीतल्या बाईला मिशा काढत होतो, हे घरी कोणाला माहीत नाही), तेव्हा तूच चिंध्यांचं गाठोडं पाठवलंस ना? वर लिहिलंस की याचे हात रिकामे राहिले तर हा घर पेटवेल, त्यापेक्षा ताईच्या बाळाला गोधडी शिवू दे. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं! चार चिंध्या जोडायच्या, खाली जुनी चादर घालायची आणि वर-खाली धावदोरा. शेंबडं पोरही करेल. पहिल्याच दिवशी चार ओळी घातल्या आणि आईला दाखवायला ऐटीत उठलो, तर गोधडी हातातून सोडली तरी खाली पडेना. पायजम्यासकट शिवली होती! आई इतकी हसली की गॅसवरचं दूध सगळं उतू गेलं.

मग मी ईर्षेला पेटलो. सगळं उसवून पुन्हा बसलो. पण तुझ्या गाठोड्यात नुसती फुलंच फुलं. मधला चौकोन कसा रुबाबदार पाहिजे होता. समोर लाँड्रीत द्यायचा ढीग, ढिगावर शर्ट, माझ्या हातात कात्री. पुढचं तूच समज.

आता खरी गोची ऐक. बाबांना वाटतंय, शर्ट लाँड्रीवाल्या काकांनी हरवला. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना वाटेल ते बोलून आले. काका कसले ऐकून घेतात! म्हणाले, वीस वर्षांत माझ्याकडून कोणाचा रुमाल हरवला नाही, उद्यापासून या दुकानाची पायरी चढू नका. रोज संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलाशी बसून बुद्धिबळ खेळणारी ही जोडी! आता बाबा घरी एकटेच पट मांडतात, दोन्हीकडून खेळतात आणि तरी हरतात. मला बघवत नाही गं. पण सांगितलं तर माझा दुसरा पायही प्लास्टरात जाईल. काय करू?

हे वाचूनही लोभ शिल्लक राहिला तर लगेच लिही.
तुझा,
भुंगा


८ ऑगस्ट

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद, आणि कान पिळलाय असं समज.

कात्री चालवताना हात नाही रे थरथरला मेल्या? तो शर्ट मी घेऊन दिला होता त्याला. आणि एवढं पानभर लिहिलंस, पण पट्टे उभे लावलेस की आडवे, ते लिहायचं राहिलंच. कापलाच आहेस तर निदान नीट लाव.

ऐक आता. मांडीवर शिवू नकोस, खाली फळी घे, पायजमे वाचतील. थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घालून ठेव आणि शेवटी ते काढून टाक. मधून सुरू करून कडेला जा. कडेकडून आत आलास तर मधोमध फुगा येईल. दोरा ओढून घट्ट करू नकोस, कापड रुसतं. सोबत पत्र्याचं टोपण पाठवतेय. ते मधल्या बोटात घालून सुई रेट, नाहीतर बोटाची चाळण होईल. जपून वापर. त्याच्यावर दोन जणांच्या सुयांचे खड्डे आहेत. एक मी. दुसरं कोण ते विचारू नकोस, मी शब्द दिलाय.

आता शर्टाचं. तुझा बाप ओरडेल, शिट्टी फुंकेल, घराला दहा फेऱ्या मारायला सांगेल. लंगड्याला फेऱ्या माफ. पण तो लाँड्रीवाला काही न करता बदनाम झाला, त्याचं काय? शर्ट दुसरा मिळेल रे, वीस वर्षांचा सोबती कुठून आणशील? आधी त्याच्याकडे जा, मग बापाकडे. मी एकवीस तारखेला येतेय. तोवर तू बोलला नाहीस तर मी बोलेन. आणि मी बोलायला लागले की मिशांचंही सांगेन.

गोधडीवर आणि माझ्यावर माया ठेव.
तुझी आत्या


१७ ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार, आता कुबडीवर उभा राहून. वि. वि.

पट्टे उभे आहेत. टोपण मिळालं. आणि इथे काय काय झालं ते बसून वाच.

मी काकांकडे जायचं रोज उद्यावर ढकलत होतो. तेवढ्यात घरात भूतच शिरलं. मी दुपारी जेवून झोपायचो आणि उठून बघायचो, तर माझी सकाळची वाकडी ओळ सरळ झालेली! नागासारखे गेलेले टाके उसवून कोणीतरी तांदळाच्या दाण्याएवढे, एकसारखे टाके घातलेले. आईला विचारलं, तर ती म्हणाली, मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला तू लागतोस.

मग मी सापळा लावला. पेंटरसाहेबांकडची निळी पूड होती, ती चिमूटभर तुझ्या टोपणाच्या आत घातली आणि घोरायचं सोंग घेतलं. संध्याकाळी चहाला बसलो, तर बाबा कप डाव्या हातात धरून पितायत. उजवा हात खिशात. मी मुद्दाम बिस्किटांची बशी उजवीकडून पुढे केली. खिशातून हात बाहेर आला, मधलं बोट पहिल्या पेरापर्यंत निळंशार!

आई आत होती. मी हळूच म्हटलं, बाबा, टाके फार सुंदर आहेत. ते आधी बोटाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शिट्टी. पण ते खालच्या आवाजात म्हणाले की चार दिवसांपूर्वी गोधडी उचलून बघितली, शर्ट ओळखला, तुला बदडायलाच येत होतो. पण तुझे टाके बघितले. गाढवा, सत्तावीस वर्षं पोरांना रांगेत उभं करतोय मी, एवढी वाकडी रांग मला बघवली नाही. एक ओळ नीट करू म्हणून बसलो, मग हात थांबेना. शिवाय टोपण तेच. लहानपणी तुझ्या आत्याने आणि मी त्याच टोपणाने आख्खी गोधडी शिवली होती, वर्गातल्या पोरांना कळलं आणि वर्षभर चिडवलं, तेव्हा सोडलं ते सोडलं.

आत्या, म्हणजे दुसऱ्या सुईचे खड्डे बाबांचे! आणि तू एवढी वर्षं गप्प!

मी विचारलं, मग शर्ट सापडल्यावर काकांकडे का नाही गेलात? तर म्हणाले, कोणत्या तोंडाने जाऊ? म्हटलं, तोंडं दोन आहेत, एक माझंही घ्या. गेलो दोघं. काका मान वर करेनात, इस्त्री दाबत राहिले. मी सगळं कबूल केलं. बाबांनी दुकानात गिऱ्हाइकं यायची वाट बघितली, चार जमल्यावर त्यांच्यासमोर माफी मागितली. काकांनी इस्त्री उभी केली आणि शिक्षा सुनावली. टेबलावरच्या जुन्या कापडाचा एक चौकोन कापून दिला, इस्त्रीचा तपकिरी डाग पडलेला. म्हणाले, हा पण गोधडीत लागला पाहिजे, बाळाला कळू दे की तापलं की काय होतं. मग पट मांडला. बाबा अकरा चालींत हरले आणि शीळ घालत घरी आले.

डागाचा चौकोन शर्टाच्या शेजारी लावलाय. तो मी एकट्याने शिवला. वाकडा आहे. बाबा म्हणाले, राहू दे, रांगेत एक तरी तुझ्यासारखा असतोच.

आता तू येशील. आई गोधडी उलगडेल, ताई मधल्या ओळींवरून हात फिरवेल आणि सगळे म्हणतील, भुंग्याचा हात काय साफ आहे! न केलेल्या खोड्यांचा मार मी पुष्कळ खाल्लाय, पण न केलेल्या कामाचं कौतुक गिळायची ही पहिलीच वेळ. बाबांनी शपथ घातलीय. मास्तर सुई धरतात हे शाळेत गेलं तर एक पोरगं सावधानमध्ये उभं राहणार नाही म्हणे. ते समोर बसून शिट्टी पुसत असतील. आत्या, तुझ्या पाया पडतो, तेव्हा त्यांच्याकडे बघून हसू नकोस. आईला नको, ताईला नको, मी तुला लिहिलं हे बाबांनाही नको. कोणालाच सांगू नकोस गं.

तुझा (आणि अर्ध्या टाक्यांचा),
भुंगा