मेंढ्या उतरवण्याची तारीख

रेक्याविक, २८ ऑगस्ट १९७४

ती. स्व. साल्व्होरताईस, धाकट्या ह्योरलेव्हचे सा. न. वि. वि.

दूरध्वनी करणार होतो. परंतु तुमच्या खोऱ्यातील अकरा घरांची तार एकच, आणि अकराही घरे श्रवणभक्तीत पारंगत! म्हणून हा पत्रप्रपंच.

चंद्र आकाराने लहान, म्हणून लवकर निवाला. आज तो निरुपद्रवी मृतपिंड आहे. आपली वसुंधरा मात्र स्थूलकाय. जन्मकाळची धग तिने अब्जावधी वर्षे उदरी राखली. वर किरणोत्सारी द्रव्यांचे सरपण आत जळतेच आहे. ती धग बाहेर टाकण्याचे एक द्वार आपल्या बेटाखाली. तुमच्या डोंगराची कूस मेपासून हातभर फुगली आहे. सप्टेंबरच्या मध्यास तो ज्वालामुखी फुटेल, असे आमच्या भूकंपकचेरीचे यांत्रिक ज्योतिष. आणि प्रथेप्रमाणे १६ तारखेस भावोजी अठरा माणसांसह उन्हाळाभर वर चरलेल्या मेंढ्या उतरवायला तिथेच चढणार! मोहिमेचे ‘डोंगरराजे’ तेच. तारीख बदलण्याचा अधिकार त्यांचाच. त्यांना आठवडाभर आधी निघायला लाव.

लोभ आहेच, तो भूकंपमापकाने मोजू नये.
ह्योरलेव्ह

ग्राउहोल्ट, ३ सप्टेंबर

चि. ह्योरलेव्हास अनेक आशीर्वाद.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, गेल्या वर्षी तुझ्या शब्दावर आठ दिवस आधी निघालो, तर वाटेत हिमवादळानं गाठलं. चाळीस कोकरं गेली, डोंगर ढिम्म, आणि नेहमीच्या तारखेला लख्ख ऊन! म्हणाले, मेव्हण्याला चंद्रावर धाडा; तिथं काही घडतच नाही, तेव्हा अंदाज चुकायची धास्ती नाही. मी हसले, मग मोरीत जाऊन रडले. तारीख बदलणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ताई

रेक्याविक, ७ सप्टेंबर

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

काल एका दिवसात एकशे चाळीस धक्के. गेल्या वर्षी मी चुकलो, हे निर्विवाद. पुन्हा चुकेनही, पृथ्वी वेळापत्रक छापत नाही. पण या वेळी बरोबर ठरलो, तर त्या अकरा घरांत मी कोणत्या तोंडाने जाऊ? आज विनोद सुचत नाही. भावोजींच्या पायांवर डोके ठेवतो असे सांग. काहीही कर, ताई.

तुझा,
ह्योरलेव्ह

ग्राउहोल्ट, १६ सप्टेंबर

चि. ह्योरलेव्हास अनेक आशीर्वाद.

दहा तारखेला हे गोठ्यात असताना मी फोनचा दांडा फिरवला. कुणाचंच घर मागितलं नाही, घंटा सगळ्यांकडेच वाजली. एकेक रिसीव्हर उचलल्याचा आवाज मोजला. दहाही झाल्यावर तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, तुझ्या कबुलीसकट, गाळलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अठराही जण घोड्यांवर खोगीर घालून अंगणात हजर. राजाला कुणी विचारलंच नव्हतं. हे राजाची काठी घेऊन त्यांच्यापुढे निघाले. काल शेवटची मेंढी उतरली. माणसं सगळी सुखरूप. मेंढ्यांच्या कुंपणाशी ह्यांनी एकवीस वर्षं वागवलेली ती काठी शेजारच्या ओड्डच्या हाती दिली आणि घरी आले. माझ्याशी बोलत नाहीत. जेवतात गोठ्यात.

आज नेहमीची तारीख. आभाळ निरभ्र, डोंगर गप्प. देव मला क्षमा करो, मी सकाळपासून खिडकीशी बसून तो फुटावा म्हणून प्रार्थना करते आहे.

तुझा लोभ तेवढा राहू दे. या घरात आज दुसरा कुणाचा उरलेला नाही.
ताई