वेणूबाईंचा डबा

६ जानेवारी २००२, धायरी
मानवजातीवर झालेल्या अन्यायांत आज एकाची भर. या भाड्याच्या फ्लॅटची बेल दाबली की आख्खी आरती वाजते. दार उघडा, पाहुण्याला बसवा, चहा टाका. ती आपली संपल्याशिवाय थांबत नाही. सदाशिव पेठेतल्या खोलीला साधी कडी होती. वाजवणाऱ्याला अपमान वाटायचा, मला बरं वाटायचं.
बाकी घर झकास. बिल्डरच्या फलकातून उरलेल्या जागेत सिंहगड दिसतो. बायकोचा, राधाचा फोटो हॉलमध्ये लावला. ती जाऊन दोन वर्षं झाली. आमची लेक चैताली बंगळूरला असते, सत्तावीसला येतेय.

९ जानेवारी
बँकेने स्वेच्छानिवृत्ती दिली, स्वेच्छा बँकेची. आता एका सॉफ्टवेअर कंपनीत बँकांच्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. राधा गेल्यापासून डोक्यात कापूस भरलाय. वाक्याच्या मध्यावर शब्द उठून निघून जातो. माझा साहेब सौरभ, वय वर्षं सव्वीस, आज म्हणाला, "काका, तुमचा फोकस जातोय. महिनाअखेर बघू." 'बघू' म्हणजे काय, हे मी तीस वर्षं ग्राहकांना ऐकवत आलोय.

१२ जानेवारी
समोरच्या वेणूबाई आल्या. ही सगळी जमीन एकेकाळी त्यांची. डबाभर लाडू दिले. "डोकं जड हाय न्हवं? खावा." कशाचे, विचारलं, तर म्हणाल्या, "खाताना इचारू नये." डॉक्टरने साखर बंद केलीय. लाडवांबद्दल तो काही बोलला नव्हता.

१५ जानेवारी
लाडू संपले. शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही राधाची शिस्त. चमचाभर साखर तरी घालायचीच. घरात साखर कुठली? दारात जाऊन विनोद केला, "रिकामा नाही हो, माझ्या डोक्यातलं धुकं भरून आणलंय."
वेणूबाई हसल्या नाहीत. झाकण उघडलं, आत बघितलं, हातावर तोलून पाहिला.
"भरलाय की," म्हणाल्या.

१८ जानेवारी
डोकं लख्ख! एका दिवसात एकोणीस चुका काढल्या. सौरभ म्हणाला, "काका, यू आर ऑन फायर!" म्हटलं, पाणी मारायला नोटीस घेऊन येऊ नकोस म्हणजे झालं.
हॉलमध्ये हार घातलेल्या कुणा बाईंचा फोटो आहे. घरमालकांच्या कोणी असाव्यात. काढून माळ्यावर ठेवला. संध्याकाळी लाडवांचा दुसरा डबा आला.

२३ जानेवारी
लाडू संपले. डबा धुऊन ठेवला आणि सहज या वहीची मागची पानं चाळली.
राधा. कोण राधा?
अक्षर माझं. फोटो खाली काढला. तासभर बघत बसलो. काही नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा—

२५ जानेवारी
वेणूबाईंकडे गेलो. म्हटलं, ते धुकं परत द्या, त्यातच ती होती. त्या भाजी निवडत होत्या. "दिलेलं मागं मागत्यात व्हय, ज्ञानदेवभाऊ? माझाच डबा तुमच्याकडं ऱ्हायलाय. त्यो द्या."
देणार नाही. डबा कपाटात. कुलूप.

२६ जानेवारी
जिन्यात वेणूबाई म्हणाल्या, "खाल्लेलं अंगी लागणारच."
उद्या चैताली येतेय. चैताली माझी मुलगी. उजव्या भुवईवर खूण. सायकलवरून पडली— की झोपाळ्यावरून?
चैताली माझी मुलगी. चैताली माझी—
डबा द्यायचा नाही. वही जपायची. वही आहे तोवर—

२७ जानेवारी
फार प्रसन्न सकाळ. डोकं कसं धुतल्यासारखं.
एक मुलगी आली आहे. भुवईवर खूण. मला बाबा म्हणते. पत्ता चुकली असावी. पाणी दिलं, कोण हवंय विचारलं, तर रडायलाच लागली. बसू दे बिचारी.
कपाटात, चक्क कुलपात, एक डबा सापडला. झाकणावर वेणूबाईंचं नाव कोरलेलं. लोकांच्या वस्तू अशा ठेवून घेणं बरं नव्हे. आणि डबा रिकामा देऊ नये, एवढं कुठूनसं आठवतं. साखर नाही. ही वही आहे. कुणा राधाबद्दल, चैतालीबद्दल काहीबाही लिहिलंय. मला काही उपयोग नाही.
आरती वाजतेय. वेणूबाईच असणार. संपायच्या आत देऊन टाकावी. दुमडली की डब्यात बसते—