गाणं पुसण्याआधी

चामोर्शी
होळीनंतरचा मंगळवार

प्रिय दिव्या,

पाकीट बघून तू आधी हसली असशील. दिवसभर मेसेज करून डोकं खाणारी ही बाई आज कागद-पेन घेऊन कशी काय बसली, असं वाटलं असेल. तुझ्या दादाला, रोशनभाऊंना मी बजावून सांगितलंय की ती जेवल्याशिवाय हे तिच्या हातात द्यायचं नाही. त्यामुळे जेवली नसशील तर आधी मेसमध्ये जा, जे काय पाणचट वरण असेल ते पोटात घाल आणि मग बस. आणि एक आत्ताच सांगते. हे पत्र शेवटपर्यंत वाचून होत नाही तोवर काकूंच्या व्हिडिओवरचं गाणं पुसायचं ते बटण दाबू नकोस. चॅनलचा पासवर्ड माझ्याकडेही आहे, मी तो गुपचूप बदलू शकले असते. मनात आलंही होतं. पण मग तुझी मैत्रीण कशाची?

इकडचं सांगायचं तर लग्नसराईच्या शूटिंगने अब्बांना झोप नाही. आणि लग्नांपेक्षा जास्त ताप त्या गाण्यांच्या कंपन्यांचा आहे. लोकांना लग्नाचा व्हिडिओ नेटवर पाहिजे असतो, आणि टाकला की लगेच नोटीस, अमुक गाणं आमच्या मालकीचं आहे, आवाज बंद. गडचांदूरच्या एका लग्नातली अख्खी पाठवणी अशी मुकी झाली. नवरी रडतेय, आई रडतेय, आत्या तर छाती बडवतेय, आणि आवाज शून्य. पाण्यातले मासे तोंड उघडतात तसे सगळे. नवरीचा बाप दुकानात येऊन भांडला, "मुश्ताकभाई, आमच्या पोरीचं रडनं कुठी गेलं?" अब्बा म्हणाले, रडणं तुमचंच आहे हो, गाणं कंपनीचं होतं, दोन्ही एकाच वेळी वाजलं त्याला मी काय करू! शेवटी मीच ती नवी युक्ती शिकून घेतली. फक्त गाणं पुसायचं, बाकीचे आवाज तसेच ठेवायचे. त्यांचं रडणं परत आलं. त्याबरोबर मांडवामागे साडीवरून भांडणाऱ्या दोन चुलत्याही आल्या, शिव्यांसकट. गाणं जोरात चालू असलं की माणसांना वाटतं आपलं बोलणं कोणालाच ऐकू जात नाही. पण फोन सगळं ऐकत असतो.

म्हणून पंधरा दिवसांपूर्वी आपल्या व्हिडिओवर नोटीस आली तेव्हा मी दचकले नाही. महिनाभरात गाणं काढा किंवा बदला, नाहीतर व्हिडिओ बंद, एवढंच त्यात होतं. तू मात्र उलटी खूश झालीस. तुझा मेसेज मी अजून ठेवलाय. "बरंच झालं वं. आईले जाऊन वर्ष होईल त्या दिवशी मीच गाणं पुसतो. आई तिथी काय म्हनून राह्यली ते तरी आयकू येईल." ते वाचून मलाही बरं वाटलं होतं. काकूंचा आवाज आपल्यापैकी कोणाकडेच नाही. फोनवर त्या बोलायच्याच कुठे, फोन कानाला लावला की नुसत्या हसत राहायच्या.

तुला आठवतं, बारावीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे राहिले होते आणि मोह वेचायला आले होते? काकूंनी मला तुझी जुनी साडी नेसवली आणि वर म्हणाल्या, "ही शहरातली पोरगी फुलं वेचन का फुलं मोजन?" तेव्हा मला त्या ओ-चं कळलं. तुमच्या बायका आपापल्या झाडाखाली पांगतात, एकमेकींना दिसत नाहीत. मग सगळ्यात मोठी जी असेल ती मधूनमधून हूऽऽ करते आणि प्रत्येकीने ओ द्यायची. जिची ओ आली नाही तिच्याकडे सगळ्यात जवळची बाई बघायला जाते. मी दोनदा ओ द्यायला विसरले. दोन्ही वेळा काकू टोपली टाकून धावत आल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अम्मीनेही कधी घातला नसेल. म्हणाल्या, "जंगलात वांदराचं आयकाचं, आन् बाईचं आयकाचं. बाकी काई आयकाचं नाई." वानरं वाघ दिसला की खॅक-खॅक करून अख्खं जंगल उठवतात, हेही मला त्यांनीच सांगितलं.

तो व्हिडिओ मी आता इतक्या वेळा पाहिला आहे की डोळे मिटले तरी दिसतो. तू पिवळ्या साडीत, मोहाच्या बुंध्याशी स्पीकर, त्यावर गाणं, आणि तू त्या गाण्यावर ओठ हलवतेस. मागे लांब, नाल्याच्या पलीकडे काकू फुलं वेचत आहेत. मग त्या सरळ होतात. डावीकडे बघतात. तोंडाशी हात नेतात. मग हात वर करून हलवतात, पुन्हा हलवतात, आणि उजवीकडच्या झुडपाआड जातात. तू गिरकी घेऊन हसतेस आणि व्हिडिओ संपतो. तू तो काकूंची आठवण म्हणून टाकलास आणि लोकांनी डोक्यावर घेतला. खाली कमेंटच कमेंट, मागची मावशी एक नंबर नाचते. आई असावी तर अशी, लेकीबरोबर ठेका धरणारी. तूही मला म्हणाली होतीस की वाघाने नेली, पण जायच्या आधी आई माझ्या गाण्यावर नाचली, एवढं तरी माझ्याजवळ आहे. त्या वाक्यावर तू हे वर्ष काढलंस, मला ठाऊक आहे.

आता तुमच्या कोसमटोल्याचं. मी गेल्या आठवड्यात गावातल्या बिरजूच्या बहिणीच्या साखरपुड्याच्या शूटिंगला गेले होते. दिव्या, गावात घरटी स्पीकर आहे. काळे, लाल, दिवे लुकलुकणारे. काकू गेल्या तेव्हा गावात जे बोललं गेलं ते आता पक्कं झालंय, की वच्छला गाण्यापासून लांब गेली म्हणून वाघाने धरली, पोरगी गाण्याजवळ होती म्हणून वाचली. गाण्याला वाघ भितो. यंदा बायकांनी ठरवलंय की प्रत्येकीच्या झाडाखाली एकेक स्पीकर लावायचा, एकदम जोरात. ओ वगैरे कोणी देत बसणार नाही, म्हणे आता त्याची गरजच काय. तुझ्या करिश्मावहिनीचा स्पीकर सगळ्यात मोठा आहे. रोशनभाऊंनी घुग्घुसवरून आणलाय, ड्युटी सुटल्यावर तसेच गाडीवर बांधून. करिश्माने तो मला कौतुकाने वाजवून दाखवला. मला शेजारी बसून तिचं बोलणं ऐकू येईना.

आणि वाघ आहे, दिव्या. तो कुठेही गेलेला नाही. वनखात्याचा पिंजरा नाल्याजवळ तसाच उभा आहे, आत बांधलेली बकरी ओरडून ओरडून घसा बसल्यासारखी झाली आहे. ओल्या रेतीत पंजे उमटलेले गावच्या म्हाताऱ्या पत्रूबाबांनी मला दाखवले. मी विचारलं, मग बायकांना जंगलात का सोडता? तर म्हणाले, "पंडुम झाल्याबिगर कोनी फुल उचलत नाई. पंडुम झाला का कोनी थांबतबी नाई." पहिल्या मोहाची ही पंडुमाची पूजा येत्या रविवारी आहे. त्या दिवसापर्यंत जंगल रिकामं. सोमवारी पहाटे सगळं गाव आत. आम्ही तिथे उभे असतानाच पलीकडे वानरं ओरडली. गावात साखरपुड्याचा डीजे चालू होता, तिकडे कोणालाच ते ऐकू गेलं नाही.

मी त्याच संध्याकाळी करिश्माला सांगितलं की जोरात लावू नका, ओ देत राहा. ती हसली. म्हणाली, "नाहीदताई, तुमी चामोर्शीच्या. तुमाले जंगलातलं काय समजते?" खरंच आहे, मला काय समजतं? मोह आणि टेंभुर्णी पानांवरून ओळखायला लावलं तर मी आजही नापास होईन. पण त्यांच्या त्या बोलण्यात काहीतरी बसत नव्हतं. गाण्याला वाघ भितो तर गाणं चालू असताना तो आला कसा? काकू व्हिडिओत दिसतात तेव्हा गाणं जोरातच चालू आहे. परत आल्यावर दुपारी अब्बा नमाजला गेले तेव्हा मी शटर अर्धं ओढलं, व्हिडिओची एक प्रत काढली आणि तिच्यावरचं गाणं पुसलं.

आता नीट वाच. हवं तर कोणाला तरी शेजारी बसव.

गाणं गेल्यावर आधी वानरं ऐकू येतात. व्हिडिओच्या सुरुवातीपासूनच ती ओरडत आहेत, जवळून. मग काकूंची हाक. हूऽऽ. एकेक बाईची ओ येते, लांबून, बारीक. तुझी येत नाही. काकू पुन्हा हाक देतात, आणि मग तुझं नाव घेतात. "दिव्या! वं दिव्या! मांगं ये वं माय!" हात वर होतो तो त्या वेळी. त्या नाचत नव्हत्या, दिव्या. तुला बोलावत होत्या. नंतर कुणाला तरी ओरडून सांगतात, "पोरीनं ओ देल्ली नाई, मी पावून येतो." वाळल्या पानांवर पावलं वाजतात, तुझ्या बाजूला येणारी. त्यानंतर काही नाही. किंकाळी नाही, ते त्यात कुठेच नाही, त्याची भीती बाळगू नकोस. शेवटी फक्त तुझं हसणं आहे.

मी हेडफोन काढला आणि खूप रडले. अब्बा आले, त्यांना वाटलं दुकानात चोरी झाली.

दुसऱ्या दिवशी मी परत गावात गेले आणि बिरजूच्या आईला गाठलं. त्या दिवशी काकूंच्या सगळ्यात जवळच्या झाडाखाली तीच होती, "पावून येतो" हे तिलाच सांगितलेलं. तिने हातातलं धान्याचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पोरीच्या डोस्क्यावर काऊन ठेवाचं वं? आमी बायकाईनं तिथीच ठरवलं. म्हटलं सांगू, का वच्छला गान्यापासून दूर गेली होती." समजलं तुला? त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यांनी तुला वाचवायला ते सांगितलं आणि वर्षभर एकीनेही तोंड उघडलं नाही, भांडणातसुद्धा नाही. तुझ्यावर एवढी माया आहे त्यांची. आणि त्याच बोलण्यावर विश्वास ठेवून त्यांच्या सुना-पोरी आता स्पीकर चार्ज करत आहेत. मी म्हटलं, मावशी, आता तरी खरं सांगा. तर म्हणाली, "सांगतलं ना. सुनेले सांगतलं. थे म्हनते, बुढी भितरी हाये. आता आमचं कोनी आयकत नाई."

कोणाचंच ऐकणार नाहीत, दिव्या. माझं नाही, तिचं नाही, वनखात्याचं तर नाहीच. एकाच बाईचं ऐकतील, आणि तिचा आवाज त्या गाण्याखाली आहे. तो बाहेर काढला तर सगळ्यांना कळेल की त्या तुला बघायला निघाल्या होत्या. रोशनभाऊंना कळेल. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. आई त्यांची आणि बायको त्यांची, तरी आधी तुला कळायला पाहिजे असं मला वाटलं. तू ते बटण दाबणारच होतीस, होस्टेलच्या खोलीत, एकटी, आई तुझ्या गाण्यावर काय गुणगुणत होती ते ऐकायला. ते तुला फोनने सांगण्याआधी माणसाने सांगावं म्हणून मी हे लिहिलं. तुला ऐकू आलं नाही कारण स्पीकर तुझ्या पायाशी होता, आणि येत्या सोमवारी करिश्माच्याही पायाशी तो असेल. शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीने मी प्रत घेऊन कोसमटोल्याला जातेय. तू नको म्हणालीस तर मी काय करेन ते मला खरंच माहीत नाही. म्हणून नको म्हणू नकोस. रोशनभाऊंबरोबर तूही ये, पंडुमाला सगळ्या बायका एका ठिकाणी असतील, तू माझा हात धर आणि तूच ते लाव. काकूंनी मारलेली हाक आता तुझ्यापर्यंत पोहोचली आहे. रविवारच्या आत ओ दे.

तुझीच, धपाटा खाल्लेली
नाहीद