जिनिंग बंद झाल्यावर

नलू,

"जिनिंग बंद झाली रे पोट्टेहो, बलब उडन, बटन दाबा!" सांजच्याले आई चुलीपासून ओरडायची, आठवते? दिवसभर कापसाच्या मशिनी लाइट ओढत. त्या थांबल्या की आपल्या घरातला दिवा ज्वारीच्या लाहीसारखा फुलायचा. त्या आवाजात वाढलो मी, आणि तोच विसरलो.

तुझ्या सरांनी घरी शिकायले दिलेल्या कम्प्युटरचा पावर सप्लाय मी भर दुपारी तपासला. मीटरचा काटा बरोबर पाच व्होल्टवर होता. "लाव बिनधास्त, रेडिओवाल्याची बहीण आहेस तू," असं म्हणून मोकळा झालो. सांजच्याले जिनिंग थांबली आणि तुझ्यासमोर पडदा काळा झाला. "दादा, माह्या हातानं काय दाबल्या गेलं गा?" म्हणून तू रडत राह्यली. मी सप्लायचा डबा काढून फळीवर ठेवला.

पहिल्या एसटीनं कम्प्युटर घेऊन वर्धेले सरांकडे जाऊन राह्यलो. सप्लायचा डबा फळीवर आहे, त्याले हात लावू नको. भाकर टोपल्यात झाकली आहे, खाऊन घेजो. क्लास सोडते म्हणाली, तो सोडू नको.

व्होल्टेज धरून ठेवणारा पुर्जा त्या डब्यात जळालेला होता. नवा नागपूरहून आणा लागत होता. तुझ्यासमोर मोठेपणा मिरवायचा म्हणून मी त्याच्या जागी नुसती तार जोडली, आणि तुले सांगितलं नाई. दुपारी लाइट कमी होती म्हणून काटा पाचवर दिसला, सांजच्याले लाइट वाढली तशी ती सरळ कम्प्युटरात गेली.

तुझा हात बरोबर होता, नलू. कम्प्युटर मी जाळला.

रूपदादा