डीकन थांबतो ते घर

चार्ल्सटन
गुरुवार, १७ एप्रिल

प्रिय डोशा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फाडलं नाहीस, म्हणजे अर्धी लढाई जिंकली म्हणायची. कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? मी बरा आहे. फेब्रुवारीत हर्नियाचं ऑपरेशन झालं, दोन महिने घरी पडून होतो, या सोमवारपासून पुन्हा गाडीवर बसतो. हसलं की टाके ओढतात, पण हल्ली हसायचे प्रसंगही बेताचेच असतात.

हवा सध्या मोठी गोड आहे. सकाळी बंदराकडून धुकं येतं आणि दहापर्यंत रेंगाळतं. मग ऊन तापायला लागतं आणि कुंपणांवरच्या जाईचा वास सुटतो. ओहोटी असली की त्यात खाडीच्या चिखलाचा वास मिसळतो. बाहेरगावचे लोक नाकाला रुमाल लावतात. मला मात्र त्या वासानं घरी आल्यासारखं वाटतं. दुपारी दोनच्या सुमाराला गाव बघायला आलेले पाहुणे गाडीत पेंगायला लागतात, पुढे खेचराची खुरं संथपणे वाजत असतात, आणि मला वाटतं की गाडी जागेवरच आहे, गावच आमच्या बाजूनं हळूहळू मागे सरकतंय. खिडक्यांच्या हिरव्या झडपा जातात, लोखंडी फाटकं जातात, निळी छतं जातात. माझं तोंड आपलं आपण सनावळ्या सांगत असतं, आणि मी कुठे तरी आईच्या स्वयंपाकघरात भेंडीभात खात बसलेला असतो. बावीस वर्षं झाली या धंद्याला. अजूनही मी गावातून जातो की स्वप्नातून, हे मला कधीकधी सांगता येत नाही.

असो. तुझं तक्रारीचं पत्र आमच्यापर्यंत पोचलं.

आमच्या मालकीणबाई मिसेस ट्रॅपिअरनी सोमवारी सकाळी आम्हा सगळ्या गाडीवानांना तबेल्यात उभं करून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘मी थिओडोसिया गेलार्ड, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका. मी मेलेली नाही. मला कुठल्याही जहाजाच्या कप्तानानं सोडून दिलेलं नाही, कारण मुळात तेवढी संधीच मी कुणाला दिलेली नाही. तरी आपल्या गाड्या माझ्या दारात उभ्या करून माझ्या नावानं गळे काढणं बंद करावं.’ एवढं ऐकून मी हसलो आणि टाके धरून खाली बसलो. पुढे ते केसांच्या रोलर्सचं आलं. रोलर्स लावून तू कॉफी प्यायला खिडकीशी आलीस आणि खालच्या तिघी बायका किंचाळल्या म्हणे! डोशा, खरं सांगतो, तुझ्या वर्गातल्या पोरांना हे बघायला मिळालं असतं तर त्यांच्या जन्माचं सार्थक झालं असतं.

आता मुद्द्याचं सांगतो. नाही, आधी विनीचं सांगतो.

विनिफ्रेड आमच्यात दहा वर्षं गाडी हाकते. बाई चांगली आहे, पण जिभेला हाड नाही. मी ऑपरेशनला गेलो तेव्हा डीकन तिच्या गाडीला जुंपला. डीकन म्हणजे माझं खेचर. चर्चमधल्या एखाद्या वयस्कर कारभाऱ्यासारखं तोंड करून असतो, म्हणून ते नाव. पहिल्याच दिवशी विनीला आपल्या गल्लीचा रस्ता मिळाला, आणि आपल्या घरासमोर येऊन डीकन ठप्प. हाका मारल्या, लगाम झटकले, छे! तिनं सोमवारी तिथेच मिसेस ट्रॅपिअरना सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो.

“मॅडम, सोळा माणसं गाडीत, आणि हा ढिम्म. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मी काय सांगू? खेचर बिघडलंय म्हणून? वर बघितलं तर खिडकीत पांढरा पडदा हलत होता. म्हटलं, इथे एक नवरी शंभर वर्षं तिच्या कप्तानाची वाट बघतेय. माणसांना दिसत नाही, जनावरांना दिसते.”

अर्ध्या मिनिटानं डीकन आपणहून चालायला लागला आणि गाडीत दोघी रडायला लागल्या. बस्स. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीवानानं ती गोष्ट उचलली. तिसऱ्या दिवशी नवरीला नाव मिळालं, आठवड्याभरात कप्तानाचं जहाज बुडालं, आणि महिन्याभरात ती आमच्या छापील पत्रकात जाऊन बसली. आता ज्या जनावरांना थांबायचं नसतं त्यांनाही लगाम ओढून तिथे थांबवतात. तुझ्या पायऱ्यांवर फुलं आणि शिंपले येतात ते असे.

“पण या खेचराला तिथे थांबायची सवय लावली कुणी?” मिसेस ट्रॅपिअरनी विचारलं. जो तो आपापला लगाम पुसायला लागला. मग म्हणाल्या, “ठीक आहे. विनिफ्रेड, तुझ्यापासून सुरू झालं, तूच घरी बस.” विनीचं तोंड एवढंसं झालं. आणि मी मूग गिळून बसलो होतो.

दोन दिवस तसाच होतो. काल त्यांच्याकडे गेलो आणि सांगितलं, सवय माझी आहे, विनीची चूक नाही. त्या म्हणाल्या, “का थांबतोस तिथे?” मी म्हटलं, सावली असते. सावली! आपल्या घरासमोर झाड नाही हे तुला माहीत आहे. बावीस वर्षं लोकांना गोष्टी सांगून ही गत झाली आहे माझी, खरं बोलायला गेलो तरी त्याला वेलबुट्टी काढल्याशिवाय राहवत नाही. पुढचं मात्र सजवलेलं नाही. जसं घडलं तसं लिहितो.

आई गेली त्या दिवशी तुझा निरोप मला तीन वाजता मिळाला, असं मी तुला सांगितलं होतं. आमच्या तबेल्यातल्या म्हाताऱ्या हचनं उशिरा सांगितलं म्हणालो. हच पुढच्याच वर्षी वारला, त्यामुळे त्याच्या माथी फोडलेलं खापर तसंच राहिलं. डोशा, हच बिचारा तुझा फोन ठेवल्याबरोबर लंगडत धावत आला होता. मी नगरपालिकेच्या चौकीवर उभा होतो. अकरा वाजत होते. सेंट मायकेल चर्चच्या घंटा चालू होत्या म्हणून त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. “घरी जा, अँब्रोज. बहीण म्हणाली, आत्ताच्या आत्ता.”

मी म्हटलं, “गाडी भरलीये. ही फेरी संपवतो नि जातो.”

तो म्हणाला, “फेरी मी मारतो. तू उतर.”

मी उतरलो नाही.

आम्हाला रस्ता निवडता येत नाही, तुला ठाऊक आहे. चौकीवर चिठ्ठी काढावी तसा चेंडू काढतात, ज्या भागाचा निघेल तिकडे जायचं. त्या दिवशी चेंडू निघाला आपल्या गल्लीचा. मला वाटलं, देवानंच हाताला धरून नेलं. आता घरासमोर गेल्यावर तरी आपण उतरू, असं मनाशी म्हणत होतो. घर आलं. मी लगाम ओढला. आईच्या खोलीची खिडकी अर्धी उघडी होती, पडदा जरासा बाहेर येत होता नि आत जात होता. आई वर होती. जिवंत होती. मधे फक्त एक दार आणि एक जिना.

मागून एका बाईनं विचारलं, “या घरात काय घडलं होतं?”

मी म्हटलं, “काही नाही. साधं घर आहे.”

गाडीत माणसं असताना गाडीवानानं जागा सोडायची नाही, असा नियम आहे. पुष्कळ दिवस मी त्या नियमाआड लपलो. पण हच तयार होता, तेव्हा तो नियमही खोटाच. खरं कारण असं की मला आईला तसं बघायचं नव्हतं. चार वर्षं तू तिला न्हाऊमाखू घातलंस, कुशीवर वळवलंस, रात्री उठून बसलीस. मी रविवारी यायचो, दोन चटकदार गोष्टी सांगून तिला हसवायचो आणि तिळाची बिस्किटं खिशात घालून पळायचो. ती हसायची तेवढीच आई मला हवी होती. बाकीची सगळी मी तुझ्यावर टाकली. भित्रा होतो मी, डोशा. अर्धं मिनिट तिथे बसलो आणि लगाम सैल सोडला. त्यानंतर आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग तीन वाजता तुझ्याकडे आलो, धापा टाकत, आणि हचचं नाव घेतलं.

तेव्हापासून आपल्या गल्लीचा चेंडू निघाला की मी तिथे अर्धं मिनिट थांबतो. पाहुण्यांना सांगतो, जनावराला दम खाऊ द्या. डीकननं ते पाठ केलं.

सहा वर्षांत तू माझ्याशी बोलली नाहीस. निरोप उशिरा मिळाला एवढ्यावरून ही एवढा राग धरते, असं मी चारचौघांत म्हणत फिरलो. लाज वाटते. मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही. रविवारी चर्च सुटल्यावर मी पायी येणार आहे. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर मी समजून जाईन, आणि पुन्हा तुझ्या दारात गाडी उभी करणार नाही.

ज्याला फक्त परक्या माणसांशी बोलता येतं असा, तुझा भाऊ,
अँब्रोज


शनिवार, १९ एप्रिल

अँब्रोज,

पत्र आजच मिळालं. उत्तर पोस्टात टाकलं तर सोमवार उजाडेल, म्हणून विनिफ्रेडच्या हाती देते आहे. दिवसभरात कधीतरी तिला आपल्या गल्लीचा चेंडू निघेलच; खाली तिची गाडी आली की मी स्वतः उतरून देणार आहे. तिच्या पाहुण्यांना काय वाटायचं ते वाटो. तिच्या नोकरीची काळजी करू नकोस. मी मिसेस ट्रॅपिअरना फोन करून सांगितलं की गाड्यांचं थांबणं बंद करा म्हणाले होते, बाईच्या पोटावर पाय आणा असं म्हणाले नव्हते, आणि त्यांनी तिला आजच परत गाडीवर घेतलं. गुडघे आहेत तसेच आहेत. ऑपरेशन झालं की बहिणीला कळवायची रीत असते, भांडण असलं तरी.

आता मी काय लिहिते ते नीट वाच. तू मला नवीन काहीच सांगितलेलं नाहीस. त्या दिवशी मी पडद्यामागेच उभी होते. तुझी टोपी दिसली, तू मान वर केलीस तेही दिसलं. मी हाक मारणार होते, पण तुझं तोंड बघितलं आणि मारली नाही. दुपारी तू येऊन हचचं नाव घेतलंस तेव्हा मला इतका संताप आला की मी तुझ्याशी पुन्हा एक शब्द बोलले नाही.

आणि तू मागाहून थांबायचास, तेही मला माहीत होतं. खुरं थांबली की मी उठायचे. खिडकी उघडून चांगल्या चार शिव्या द्याव्यात म्हणून उठायचे, असं मी स्वतःला सांगत आले. सहा वर्षांत मी एकदा तरी तक्रार केली का रे? फेब्रुवारीत खुरं थांबायची तशीच थांबायची, पण वर आवाज यायचा परक्या बाईचा. तुला काही झालं की काय, हे विचारायचं कुणाला? मग दर तासाला गाड्या थांबायला लागल्या. दर तासाला मी उठायचे आणि दर वेळी तू नसायचास. माझ्यानं ते सोसवेना. म्हणून पत्र लिहिलं. त्या नवरीचा मला काही त्रास नव्हता.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नाही, आणि ती मी कुणालाच सांगितलेली नाही.

आईनं खुरं ऐकली होती. दोन दिवस ती काही बोलली नव्हती. खुरं थांबली आणि ती एकदम स्पष्ट म्हणाली, “अँबी आला.”

मी म्हटलं, “हो आई.”

“वर येतोय ना?”

मी खिडकीतून बघत होते. तू लगाम सोडला होतास. मी म्हटलं, “हो आई. जिना चढतोय.”

तिनं तोंड दाराकडे वळवलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. पाव तासानं ती गेली, तोंड तसंच दाराकडे. ते मी तिच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य, आणि ते तू मला खोटं बोलायला लावलंस. मला राग आहे तो त्याचा.

उद्या चर्चनंतर नको. आधीच ये, नऊच्या सुमाराला. दार नुसतं लोटून ठेवते. खालून हाक मारू नकोस, मी खाली येणार नाही, आईच्या खोलीत बसलेली असेन. जिना चढून वर ये. पाय वाजवत ये.

डोशा