रिकाम्या बाटल्या

मंगळवार, संध्याकाळ

मोशीला घरी आले आणि उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायले. डोकं अजून ठणकतंय.

कंपनीत मी पाणी पीतच नाही. प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. मग पिवळा दिवा लावून बदली माणूस बोलवायचा, आणि तो येईपर्यंत अख्खी लाइन, पुरुषांसकट, आपल्याकडे बघते. सुट्टीत जावं तर तिथे ही रांग. त्यापेक्षा तहान परवडली.

मागे लाइनवर शेजारी बसणाऱ्या सुरेखाला पाणी न प्यायल्याने चक्कर आली आणि तिने वायरी उलट्या जोडल्या. तेव्हापासून साहेबांचा नियम आहे, सुटताना प्रत्येकीची बाटली रिकामी दिसली पाहिजे. म्हणून चहाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या बाटल्या गेटजवळच्या कुंड्यांत ओततो. आज साहेब म्हणाले, "बघा, पाणी प्यायलं की लक्ष कसं लागतं! आज चुकला म्हणून एकही पीस परत आला नाही." नसणारच. सुरेखाचं काम मी डोळे ताणून दुसऱ्यांदा बघत होते.

सांगावं का त्यांना दिव्याचं? सुरेखा म्हणते, "ताई, एवढ्या पुरुषांत कोण बोलणार?"

निघताना साहेब कुंड्यांपाशी थांबले. माळीकाकांना म्हणाले, "झाडं मस्त तरारलीत की!"

काका म्हणाले, "सायेब, आठवडा झाला, मी पाणीच घातलं न्हाई."

साहेबांनी ओली माती पाहिली. मग आमच्या हातातल्या रिकाम्या बाटल्या. आम्ही गुपचूप बसमध्ये चढलो.

कळलं असेल तर बरंच झालं. पाणी का ओतता, हे आता तेच विचारतील, मग दिव्याचं सांगता येईल.