सत्कारातला ठराव

ती. नानाकाका,

आज नमस्कार मनापासून येत नाही, म्हणून लिहीत नाही.

सुदानहून आलेले प्राध्यापक इद्रिस माझ्याच विभागात शिकवतात. संस्थेचे अध्यक्ष म्हणून तुम्ही आज सभेत त्यांना व्यासपीठावर बसवलंत, शाल-श्रीफळ दिलंत, फोटो काढून घेतलेत. आणि लगेच मराठीत ठराव वाचलात, की परदेशी शिक्षकांना यापुढं संस्थेच्या सभेत मत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इद्रिससरांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, सत्कारच चाललाय.

त्यांना इंग्रजीत सांगायला मी उठले, तर तुम्ही हातानंच मला खाली बसवलंत, घरी पंगतीत बसवता तसं. लई लागलं मला. मी तिथं तुमची पुतणी नव्हते काका, सभासद होते!

बाहेर आल्यावर नारळ सांभाळत त्यांनी मला विचारलं, "आज आपण काय ठरवलं?"

आपण म्हणाले ते. ऐकताय ना?

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही तेही फाईलीला लावून मोकळे व्हाल. उद्या सकाळी मी सरांना घेऊन गारखेड्याला तुमच्या घरी येते. काय ठरवलं ते त्यांच्या तोंडावर, इंग्रजीत सांगा.

टाळ्या मी वाजवते.

तुमच्या सभेतली एक सभासद,
शैलजा